न खाल्लेल्या माशाचा काटा

आमच्या गावात घशात काही अडकलं की तो काटाच. दुसरं काही अडकू शकतं हे गावाला मान्यच नव्हतं. गावाच्या दोन्ही अंगांना बोड्या, म्हणजे पावसाचं पाणी धरून ठेवणारे लहान तलाव, आणि जरा पलीकडे एक मोठा तलाव. धान पिकवायचं आणि त्या भातावर माशाचा रस्सा ओतून खायचा, हेच आमच्याकडच्या माणसांचं जगणं. मान पुढे काढून, डोळे मोठे करून, लाळ गाळत कोणी ओट्यावर बसलेलं दिसलं की रस्त्यानं जाणारा परगावचा माणूससुद्धा थांबून विचारायचा, "कोनता होता गा? रोहू का?"

आणि अशा गावात, आमच्या आळीत तरी, आमचं एकट्याचं घर असं होतं की जिथं मासा शिजत नव्हता.

त्याला कारण आत्याबाई. बाबांची थोरली बहीण. लग्नानंतर लवकरच विधवा होऊन ती माहेरी परत आली आणि आल्या आल्या स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. माझ्या जन्माच्या आधी कधीतरी तिनं गळ्यात तुळशीची माळ घातली आणि मासे-मटण सोडलं. एकटीनं सोडलं असतं तर काही म्हणणं नव्हतं. तिनं सगळ्या घराचं सोडलं. बाबा गावच्या पंचाईतीत आवाज चढवून बोलणारे, पण बहिणीपुढे मुकाट. शेतावर जागलीला गेले की ते गड्यांच्या हंडीतलं खात असावेत असा मला आजही संशय आहे, कारण जागलीला जायला एवढा उत्साह दुसऱ्या कुठल्या बापाला मी पाहिला नाही.

भाषेचंही सांगून टाकते. आमच्या घरात पोवारी, गल्लीत झाडी आणि गोंदियाच्या बाजारात पाय ठेवला की हिंदी. इथं मी सगळ्यांना गल्लीतली बोलीच बोलायला लावणार आहे, म्हणजे तुम्हाला समजेल. आत्याबाई असती तर तिनं यावरूनही भांडण काढलं असतं.

तर माझी गोष्ट. मी जन्मापासून ओकायची. दूध प्यायले की टाकलं, प्यायले की टाकलं. आईच्या खांद्यावरचा पदर माझ्या तान्हेपणी कधी वाळला म्हणून नाही. बाया म्हणायच्या, बसायला लागली की थांबेल. मी बसायला लागले, पळायला लागले, पाटी घेऊन शाळेत जायला लागले, पण ते काही थांबलं नाही. दुधाच्या जागी आंबट पाणी येऊ लागलं, एवढाच फरक. मला वाटायचं सगळ्यांचंच असं असतं. जेवण एकदा खाली जातं, थोड्या वेळानं वर येऊन चौकशी करतं आणि पुन्हा खाली जातं, अशी माझी माणसाच्या पोटाबद्दल समजूत होती. शाळेतल्या मैत्रिणीला मी एकदा विचारलं, "तुझं सकाळचं जेवण परत कधी येते वं?" तर ती माझ्याकडे बघतच राहिली.

वाकलं की तर हमखास. रोवणीच्या दिवसांत घरातली सगळी बाईमाणसं चिखलात वाकून धानाची रोपं लावायची, गाणी म्हणायची, एकमेकींना चिमटे काढायची. मलाही हौस. पण मी वाकून चार रोपं लावली की नाकातोंडात आंबट, छातीच्या मधोमध आग, डोळ्यांत पाणी. मग बसा धुऱ्यावर, शेताच्या बांधावर. आत्याबाई चिखलातूनच ओरडायची, "कामचोर आहे पोरगी! वाकाले सांगितलं का हिची आग सुरू!"

त्या आगीवर माझा मीच एक उपाय शोधला होता. खडू. फळ्यावर लिहायचा तो. गुरुजींच्या टेबलावरून तुकडा उचलायचा आणि गालात धरून चोखत बसायचं. आग हळूहळू विझायची. गुरुजी बिचारे डबी हलवून बघायचे आणि म्हणायचे, मी एवढं लिहितो तरी केव्हा? पुढे नागपूरच्या डॉक्टरांनी मला पाण्यातून घ्यायच्या पांढऱ्या पुड्या दिल्या, तेव्हा पहिल्या घोटालाच मी ओळखलं की हा आपला खडूच आहे. डॉक्टरांनी फक्त त्याची पुडी बांधून इंग्रजी नाव दिलं होतं.

इथवर सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण मी आठ-नऊ वर्षांची झाले, स्वराज्य येऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती, आणि घास खाली जायला कुरकुर करू लागले. आधी भाकरी. मग मोकळा भात. एका घासाला एक घोट पाणी, असं माझं जेवण चालायचं. पंगतीत मी शेवटी उठायची, आणि ताटाभोवती सारवायला आलेली बाई माझ्यासाठी खोळंबून बसायची. घरात मला म्हैस म्हणू लागले, रवंथ करते म्हणून. मीही हंबरून दाखवायची. काय करणार?

मग तो दिवस आला. कापणी आटोपली होती, घरात माणसं होती, लाखोळीच्या डाळीचे वडे तळले होते. गरम वडा मला कधी नीट मिळायचा नाही, म्हणून मी हावरटासारखा मोठा घास घेतला. तो गेला आणि इथं, छातीच्या हाडामागं, थांबला. पुढे जाईना, मागे येईना. पाणी प्यायले, ते तसंच्या तसं नाकातून बाहेर. मी मान पुढे काढली, डोळे मोठे केले, तोंडातून लाळेची धार लागली. आई पाटावरून उठून धावली. आत्याबाई झारा हातात घेऊन कढईपाशी उभी होती. तिनं माझ्याकडे एक नजर टाकली आणि सगळ्या घराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"काटा!"

पंगतीतले हात जागच्या जागी थांबले.

"अवं, वडा आहे तो," आई म्हणाली.

"वड्यानं कोनाची मान अशी होते? मले नको शिकवू. हा काटाच आहे. कोनाच्या घरी मासा खाल्ली वं?"

मला बोलताच येत नव्हतं, तर उत्तर काय देणार! शेवटी वडा आला तसाच वर परतला, मी तो मोरीत टाकला आणि श्वास घेतला. मला वाटलं सुटले. पण आत्याबाई म्हणाली, "वडा तं बाहेर आला. काटा आत आहे."

गावात काट्यावर उपाय ठरलेले होते. कोरड्या भाताचा गोळा न चावता गिळायचा, म्हणजे काटा त्याच्यासोबत जातो. ज्या पोरीला चावलेला भात उतरत नाही तिला सगळ्यांनी मिळून न चावलेला भात गिळायला लावला! मी मेले नाही ही देवाची कृपा. बाबांना मध्येच वाटलं की काटा नसेल, पडजीभ पडली असेल. त्यावरचा इलाज म्हणजे टाळूवरचे केस मुठीत धरून वर हिसका द्यायचा. केसांबरोबर पडजीभ वर जाते. आळीतल्या एका म्हातारीच्या हाताला म्हणे गुण होता. तिनं दिला हिसका. केस तिच्या हातात आले आणि पडजीभ होती तिथंच राहिली.

आता गुन्हा झाला म्हटल्यावर गुन्ह्याची जागाही शोधायला हवी. ती सोपी होती. माझी शाळेतली मैत्रीण ढिवरांच्या घरची. तिचा बाप तलावात जाळं टाकायचा आणि आई डोक्यावर टोपली घेऊन गावभर मासे विकायची. आत्याबाई भर दुपारी त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली आणि तिनं तिथूनच तोफ डागली, की आमच्या पोरीला बाटवलं म्हणून.

मैत्रिणीची आई काही ऐकून घेणारी नव्हती. "तुमच्या पोरीनं आमच्या घरी पानी बी नाई पेलं, मासा तं दूर," ती म्हणाली. "आन आमाले विकाले पुरत नाई, फुकट कोनाले खाऊ घालू?"

"मंग हिच्या घशात काटा आला कुठून?"

"घसा तुमच्या पोरीचा, तुमीच पाहा!"

त्या दिवसापासून मासेवालीची टोपली आमच्या आळीत यायची बंद झाली. सगळी आळी आमच्यावर नाराज. मैत्रिणीनंही शाळेत माझ्या शेजारची जागा सोडली. आणि मला शिक्षा झाली ती अशी: कबूल करेपर्यंत पंगतीत बसायचं नाही. बाहेर ओसरीवर, वेगळी जर्मनची ताटली घेऊन. कबूल केलं की तुळशीचं पाणी पाजायचं, न्हाऊ घालायचं आणि आत घ्यायचं, एवढंच. "मी मारून राहिली का तुले?" आत्याबाई म्हणायची. "खरं बोल आन आत ये."

मी खरंच बोलत होते, पण ते खरं कोणाला चालत नव्हतं.

ओसरीवर बसून मी आतले आवाज ऐकायची. वाढण्याचा, हसण्याचा, कोणीतरी ठसकल्याचा. माझ्या ताटलीत भात असायचा, वरण असायचं, आणि पलीकडे आमचा कुत्रा बसलेला असायचा. दोन घास मी खायची, उरलेलं त्याला. त्या थंडीत कुत्र्यानं चांगलं बाळसं धरलं. माझा फ्रॉक मात्र खांद्यावरून घसरू लागला. आई दुपारी सगळे निजले की मला पेज आणून द्यायची, पातळ, मीठ घातलेली. ती उतरायची. एकदा मी पेज पीत असताना तिनं हळूच विचारलं, "मले सांग. मी कोनाले नाई सांगत. खाल्ली होती का?" मला इतका राग आला की मी ती पेज सांडली. जगातलं शेवटचं माणूसही गेलं असं मला वाटलं.

मग मी विचार केला, की जाऊ दे. खरं बोलून ओसरी मिळते, तर खोटं बोलून पंगत घ्यावी.

सगळे जेवायला बसले असताना मी दारात जाऊन उभी राहिले आणि म्हणाले, "मी खाल्ली होती मासा."

काय आनंद झाला घराला! बाबांनी सुस्कारा टाकला. आत्याबाईचा चेहरा तर असा उजळला, जसं काही मी परीक्षेत पहिली आले. "पाहा! मी म्हनत होती!" तिनं सगळ्यांकडे बघून घेतलं. आता एवढ्यावर थांबावं की नाही? पण आत्याबाई कुठली थांबते.

"कोनता होता?"

मासेवालीच्या टोपलीत पाहिलेल्यांपैकी एकाचं नाव मला येत होतं. "मरळ."

"मरळ?" आत्याबाईनं हातातलं वरणाचं भांडं खाली ठेवलं. "कशी केली होती?"

"रस्सा."

"कायचा रस्सा?"

इथं माझी पंचाईत झाली. आमच्याकडे रस्सा दाट करायचा तर बेसन लावतात, एवढं मला ठाऊक होतं. "बेसनाचा," मी म्हणाले.

आत्याबाई मटकन खाली बसली.

"मरळीले बेसन? अवं कोन लावते मरळीले बेसन!" तिचा आवाज एकदम दुखावल्यासारखा झाला. "मरळीले आधी राख लावून घासते, मंग मीठ-हळद लावून ठेवते. जवसाच्या तेलात लसून फुटू देते. वाटलेला कांदा, खोबरं नाई, खोबऱ्यानं मरते ते. कच्च्या आंब्याच्या सुकवलेल्या फोडी दोनच, आन रस्सा असा पातळ का भातात घुसला पाहिजे. आन डोकं वेगळं काढून ठेवाचं. डोक्यातच तं…"

ती थांबली. बाबांनी डोळे मिटले होते. आत्याबाईनं घाईघाईनं पदर सारखा केला, माळेला हात लावला आणि माझ्यावर घसरली.

"आन मरळीत मधला एकच काटा, चांगला जाडजूड. लहान पोर बी उचलून बाजूला ठेवते. तो घशात जाईनच कसा?" ती उठून उभी राहिली आणि माझ्याकडे बोट रोखून म्हणाली, "ही खोटं बोलून राहिली! हिनं मासा खाल्लाच नाई! जिनं मरळ खाल्ली ते बेसनाचं नाव घेईन का?"

बाबा हसायला लागले. मग काका, मग सगळेच. आत्याबाईला स्वतःला काय हसू आलं म्हणता! इतक्या दिवसांचा खटला फिर्यादीनंच मोडला होता. मीही दारात उभी राहून हसत होते, कारण मी निर्दोष ठरले होते आणि आता मला आत घेणार होते.

तेवढ्यात चुलीपाशी बसलेली आई म्हणाली, "काटा नाई, तं मंग हिच्या घशात आहे काय?"

हसणं थांबलं. आत्याबाई माझ्याजवळ आली. तिनं माझा दंड मुठीत धरला. मूठ बंद झाली तरी आत जागा उरली. तिनं माझा फ्रॉक वर करून फासळ्यांवरून हात फिरवला. मला गुदगुल्या झाल्या, पण तिचं तोंड बघून मी हसले नाही. "बापा, बापा," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी उजाडताच बाबांनी रेंगीला, आमच्या लहान बैलगाडीला, बैल जुंपले. गोंदियाच्या डॉक्टरांनी बॅटरी लावून घशात पाहिलं, छाती ठोकली आणि नागपूरला न्या म्हणाले. आईच्या कडेवर धाकटा भाऊ होता, म्हणून सोबत आत्याबाई आली. ती तोवर आगगाडीत बसली नव्हती. गाडी सुटल्यापासून नागपूर येईपर्यंत तिनं माझा हात सोडला नाही, आणि मला वाटत होतं की ती मला धीर देते आहे.

नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात त्यांनी मला एक दाट पांढरा घोळ प्यायला दिला आणि यंत्रापुढे उभं केलं. मी तो मिटक्या मारत प्यायले. खडूची सवय होतीच. नंतर डॉक्टरांनी काळी फिल्म उजेडासमोर धरली. वर एक रुंद पांढरी पट्टी, मध्ये एकदम दोऱ्याएवढी बारीक रेघ, आणि खाली पोट.

"कुठं आहे काटा?" आत्याबाईनं विचारलं. सवय जात नाही.

"काटा नाही," डॉक्टर म्हणाले. वयानं लहान होते आणि समजावून सांगायची आवड असलेले. "अन्ननळी जिथं जठराला मिळते तिथं एक झडप असते. हिची ती जन्मापासून ढिली आहे. त्यामुळे पोटातला आंबट रस वर चढतो आणि नळी भाजते. जखम भरते, पुन्हा भाजते. असं वर्षानुवर्षं झालं की तिथं कडक वण तयार होतो आणि नळी आवळत जाते. लहान मुलांचं ओकणं बहुतेक वेळा आपोआप थांबतं. हिचं थांबलं नाही."

आत्याबाईनं बराच विचार केला. "म्हनजे धानाच्या बांधीतून पानी जावाची मोरी बुजली," ती म्हणाली.

"तसंच समजा."

"मंग ते मोकळी करा."

मोकळी करायची म्हणजे काय ते मला नंतर कळलं. गुंगी देऊन घशातून रबराची नळी घालायची, आज बारीक, पुढच्या खेपेला तिच्याहून जाड. जाग आली की घसा सोलून निघालेला आणि छातीत ठणका. पहिल्या खेपेला मी डॉक्टरांचा हात चावले. त्याचं मला अजूनही वाईट वाटत नाही.

घरी पाळायचे नियम सांगितले. तिखट नाही, आंबट नाही. थोडं थोडं पण वारंवार खायचं. खाऊन लगेच आडवं व्हायचं नाही. खाटेची उशाकडची बाजू विटा लावून उंच करायची. या विटांनी आमच्याकडे भारी करमणूक झाली. बाबांनी डॉक्टरांपेक्षा चार बोटं जास्तच केली, औषध जास्त दिलं की गुण जास्त, या हिशेबानं. मी डोक्याकडे निजायची आणि सकाळी पायथ्याशी गोळा होऊन सापडायची, गोधडीसकट. आळीतली माणसं ती खाट बघायला यायची. कोणी विचारायचं, पोरगी राती घसरगुंडी खेळते का? पण आंबट पाणी वर येणं खरोखर कमी झालं, आणि मी त्या उताराच्या प्रेमात पडले.

पंगतीत मला परत घेतलं होतं. पण आता एक नवीन ताप. मी घास घेतला की सगळे जेवायचे थांबून माझ्या गळ्याकडे बघायचे. तुम्ही कधी एवढ्या माणसांच्या देखत गिळून पाहिलं आहे का? चांगल्या माणसाचंही अडकेल!

वजन मात्र चढेना. भात मऊ करून, दुधात कालवून, जे जे म्हणून पांढरं आणि गुळगुळीत होतं ते सगळं आईनं करून घातलं, तरी काटा जागचा हलेना; हा तराजूचा काटा म्हणते मी. पहिल्याच खेपेला डॉक्टरांनी खाण्याचं सांगताना म्हटलं होतं, "दूध, अंडं, बिनकाट्याचा मऊ मासा." आत्याबाईनं त्यातलं दूध तेवढं ऐकलं. बाकीचं तिच्या कानांनी आत घेतलंच नाही. आईनं एकदा आठवण करून दिली, तर म्हणाली, "ते शहरच्या लोकायले सांगते."

पुढच्या खेपेला डॉक्टरांनी मला वजनकाट्यावर उभं केलं आणि त्यांचं नेहमीचं हसू गेलं. मला बाहेरच्या बाकावर बसायला सांगितलं, पण दार उघडंच होतं.

"हिच्या अंगात काही नाही," ते म्हणाले. "अशा अंगावर पुन्हा पुन्हा नळी घालता येणार नाही. नळी नाही घातली तर वण पुन्हा आवळेल. मग छाती उघडून ऑपरेशन करावं लागेल, आणि या वजनाच्या मुलीला ते झेपेल असं मी सांगू शकत नाही. तुम्ही हिला काय खाऊ घालता?"

"दूध," आत्याबाई म्हणाली.

"आणि?"

आत्याबाईनं गळ्यातली माळ मुठीत धरली.

"मी काय सांगितलं होतं, बाई?"

परतीच्या गाडीत ती खिडकीबाहेर बघत बसली. मला भीती वाटत होती. छाती उघडतात म्हणजे काय, ते मी तिला विचारणार होते, पण विचारलं नाही. गोंदियाला उतरलो, घ्यायला आलेल्या बाबांच्या रेंगीत बसलो. गाव आलं, आमची आळी आली, आणि बाबा बैल वळवणार इतक्यात आत्याबाई म्हणाली, "समोर घे. ढिवराच्या गल्लीत."

बाबांनी मागे वळून पाहिलं आणि बैल समोर घेतले.

मैत्रिणीची आई अंगणात मासे कापत बसली होती. तिनं मान वर केली, आम्हाला पाहिलं आणि पुन्हा कापू लागली. आत्याबाई माझा हात धरून अंगणाच्या कडेला उभी राहिली.

"मरळ आहे का वं?"

"आहे. कोनाले पायजे?"

"पोरीले. डॉक्टरनं सांगितलं."

"तुमच्या घरी चूल नाई का?"

"माह्या गळ्यात माळ आहे," आत्याबाई म्हणाली. "तू करून दे. काटा बोटानं पाहून पाहून काढजो. हिच्या घशात जागा नाई."

"मागं तं घसा भरून काटा होता म्हनत होता."

"म्हनत होती," आत्याबाई म्हणाली, आणि तिथंच उभी राहिली.

मैत्रिणीच्या आईनं माझ्याकडे नीट पाहिलं, बहुतेक पहिल्यांदाच. मग विळा बाजूला ठेवून ती चूल पेटवायला उठली. मैत्रीण दाराआडून डोकावत होती. आम्ही अंगणात बसलो. बाबा रेंगीवरून उतरलेच नाहीत. वास सुटला तसे ते दुसरीकडे तोंड करून बैलांना उगाच थोपटत राहिले.

ताटली माझ्यापुढे आली. मऊ भात, पिवळा रस्सा आणि पांढरा मासा, बारीक कुस्करलेला. आणि माझं काय झालं कोण जाणे. एवढ्या दिवसांची ओसरी, ती जर्मनची ताटली, आईचं ते हळूच विचारणं, सगळं एकदम वर आलं, अगदी आंबट पाण्यासारखं. मी ताटली ढकलली.

"मी नाई खात," मी म्हणाले. "मी मासा खात नाई. म्या सांगितलं होतं ना, का मी मासा खात नाई म्हनून! म्या सांगितलं होतं!"

आणि मी भोकाड पसरलं. दारातली मैत्रीण, तिची आई, रेंगीवरचे बाबा, सगळे ऐकत होते. मला वाटलं आत्याबाई आता फटका देईल. ती मातीतच माझ्यासमोर सरकून बसली.

"होय," ती म्हणाली. "तू सांगितलं होतं. म्याच आइकलं नाई." मग तिनं आवाज चढवला, गल्लीच्या तोंडाशी उभं राहून भांडली होती तेवढाच. "हिनं नव्हती खाल्ली! तुह्या घरची बी नाई आन कोनाच्या घरची बी नाई! म्याच आळ घेतला माह्या पोरीवर!"

मैत्रिणीच्या आईनं पाण्याचा गडवा आत्याबाईच्या जवळ आणून ठेवला.

आत्याबाईनं माळ पाठीमागं सारली आणि ताटलीत हात घातला. मासा बोटांत चुरून पाहिला, पुन्हा पाहिला, भातात मिसळला आणि लहानसा घास माझ्या तोंडाशी धरला. मी तोंड उघडलं. चावलं, खूप वेळ चावलं, आणि गिळलं. तो गेला आणि छातीच्या हाडामागं, नेहमीच्या जागी, थांबला. आत्याबाईनं स्वतःच आवंढा गिळला. मग तो हळूच सरकला.

"गेला?" तिनं विचारलं.

"गेला."

"मंग आ कर."